शंभर टक्के सुती

लग्न होऊन उत्कर्षा सोलापुरात आली, तेव्हा सासूबाईंनी तिला एकच ताकीद दिली होती. "मामांना जेवणाचं विचार, औषधाचं विचार. दुकानातल्या कापडाचं मात्र कधी काढू नकोस." उत्कर्षानं ते हसण्यावारी नेलं. ती एमएस्सी झालेली. त्यात आता एका मुलाची आई, आणि आई तरी कशी? केळं आधी सालासकट धुणारी, मग सोलणारी!

मामा म्हणजे तिचे सासरे, चनमल्लप्पा. चादरी, टॉवेल आणि शिवलेल्या कुर्त्यांचं त्यांचं दुकान. गिऱ्हाईक पायरीवर चपला काढतंय तोवर आतून आवाज येई, "शंभर टक्के सुती. गॅरंटी." देवाचं नाव घ्यावं तितक्या सहज.

मामांना तोंडाचा कॅन्सर झाला होता. रेडिएशननं तो बरा झाला, पण त्यातच जबड्याचं हाड भाजलं गेलं. पुढं एक दाढ काढली, तर ती जखम काही केल्या भरेना. डॉक्टरांनी सांगितलं, दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा. काचेच्या लांब नळकांड्यात रोज पडून राहायचं, म्हणजे हाडाला नवं रक्त मिळण्याची आशा. उशीर केला, तर जबडा कापायची वेळ येऊ शकते.

"तुम्ही निर्धास्त राहा, सगळं माझ्यावर सोडा," उत्कर्षा म्हणाली. जगातली बहुतेक संकटं याच वाक्यानं सुरू होतात.

पहिल्या दिवशी तिथल्या विरेश नावाच्या टेक्निशियननं नियम सांगितले. तेल नको, विभूती नको, घड्याळ नको, मोबाइल नको. अंगावर फक्त सुती कापड, आणि ते हॉस्पिटलच देणार. त्यानं गाऊन पुढं केला. मामांनी तो चिमटीत धरून चोळला आणि सोयरिकीत खोट निघाल्यासारखा चेहरा केला. असलं कापड त्यांच्या दुकानात फरशी पुसायलाही घेत नाहीत, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले.

मग उत्कर्षाला ती सोन्यासारखी कल्पना सुचली. मामांनी आपल्याच दुकानातला कुर्ता-पायजमा घालायचा!

"शंभर टक्के सुती आहे का?" विरेशनं विचारलं.

"गॅरंटी," मामा म्हणाले. जीभ सवयीची. मालकाला न विचारताच गेली.

"बघू," विरेश म्हणाला.

बाकड्यावर वळसंगचे गुरप्पा बसले होते, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या बायकोला, नीलव्वाला, असाच त्रास पोटाच्या रेडिएशननंतर जडलेला. त्यांनी लगेच नीलव्वासाठी एक चादर सांगून टाकली. आणखी दोघांनी पत्ता विचारला. मामा खुलले, दवाखान्याचं दुकान झालं. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, सुतीचाच एवढा हट्ट कशाला? विरेशनं शांतपणे समजावलं. आत सगळा ऑक्सिजन. पॉलिस्टरची घासाघीस होऊन एक बारीक ठिणगी उडाली, तरी संपलं.

मामांचा रंग उतरला. नंबर आला तेव्हा त्यांचा कान दुखायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी पोट. तिसऱ्या दिवशी अमावास्या. आमटी तर कुर्त्यावर अशी सांडली की खिशातसुद्धा एक फोड सापडली. उत्कर्षानं दुकानातून तसाच दुसरा कुर्ता आणून इस्त्री केला. मामा त्या कुर्त्याकडं बकरा सुरीकडं बघतो तसे बघत राहिले.

उत्कर्षानं निदान केलं, मामांना बंद जागेची भीती वाटते. तिनं त्यांना व्हिडिओ दाखवले, दीर्घ श्वास शिकवला. शेवटी विरेशच्या हातापाया पडून, दार उघडं ठेवून, त्या रिकाम्या नळकांड्यात स्वतः आडवी झाली. "बघा मामा, विमानात बसल्यासारखं आहे," म्हणेपर्यंत तिलाच घाम फुटला आणि ती पाय आधी बाहेर काढून उतरली.

"बघितलंस का?" मामा म्हणाले, "तू तर तरणीताठी." आणि घरी निघाले.

आता डॉक्टर रागावले. हाड वाट बघत बसत नसतं, म्हणाले. उत्कर्षा जिन्यात जाऊन रडली. मामांनी ते पाहिलं. सगळ्यांदेखत गाऊनला नावं ठेवून बसलेला माणूस आता तोच गाऊन कोणत्या तोंडानं मागणार?

दुसऱ्या दिवशी गुरप्पा आले. नीलव्वाच्या खांद्यावरून पायापर्यंत मामांच्या दुकानातली कोरी चादर. गुरप्पांनी तिचा हात धरला आणि दोघं थेट त्या यंत्राच्या दाराकडं निघाले.

मामा ताडकन उठले. आखडलेला जबडा उघडेल तेवढा उघडून ओरडले, "थांबा! त्यात पॉलिस्टर हाय."

उत्कर्षाच्या हातातून इस्त्रीचा कुर्ता खाली पडला.

विरेशनं शांतपणे नीलव्वाच्या अंगावरची चादर काढून घेतली. खाली हॉस्पिटलचाच गाऊन होता. "काका, ही थंडीपुरती. आत आमच्या गाऊनशिवाय कुणालाच सोडत नाही."

"पण माझ्या कुर्त्याला तुम्ही 'बघू' म्हणालात."

"आमच्याकडं बघू म्हणजे नाही."

म्हणजे हा कबुलीजबाब अगदीच फुकट गेला. मामा गुरप्पांसमोर मान खाली घालून उभे राहिले. गुरप्पा मात्र हसत होते. "मालक, आमाला ठाव हाय की. निस्ती सुती असती, तर इतकी वर्सं धोंड्यावर आपटून टिकली असती व्हय?"

"मग गॅरंटी ऐकून मान का हलवत होतास?"

"तुमी लई मनापासनं सांगत होता. मन मोडवंना."

मामांना पकडलं गेल्यापेक्षा हे जास्त लागलं. त्यांनी मुकाट्यानं गाऊन चढवला आणि आत जाऊन पडले. त्या दिवसापासून एकही खाडा नाही. जखम भरत आली आहे, असं डॉक्टर म्हणतात.

तोंड किती उघडतं, याची मोजणी मात्र घरी करायची असते, एकावर एक बोटं घालून; तीन मावली की ठीक. उत्कर्षा रोज दुकानात फोन करते. मामा रोज सांगतात, "तीन बोटं. गॅरंटी." तेव्हा तिची तुम्हाला एक विनंती आहे. टॉवेल घ्यायच्या निमित्तानं कधी दुकानात गेलात, तर मामांना तुमच्यासमोर बोटं घालून दाखवायला लावा. आणि बोटं मामांचीच आहेत ना, दुकानातल्या एखाद्या पोराची नाहीत ना, तेही जरा बघा.