पणजोबांची डावी बाजू

माझ्या ग्रास कटरमध्ये एकदा पेट्रोल भरलं की तो बरोबर चाळीस मिनिटं चालतो.

माझी थोरली बहीण वॉल्सुन एकाहत्तर वर्षांची आहे. समुद्राच्या तळाशी ती दोन मिनिटं श्वास रोखून शिंपले काढते. जमिनीवर तिला दोन सेकंद तोंड बंद ठेवता येत नाही.

जेजू बेटावर आम्ही माणसं शेतातच पुरतो आणि थडग्याभोवती काळ्या दगडांची भिंत घालतो. भिंतीत आत्म्याला ये-जा करायला एक फट ठेवतो. पुरुष असेल तर डावीकडे, बाई असेल तर उजवीकडे.

ह्यॉन मान्बोकच्या लॉजमध्ये चौदा खोल्या आहेत. चौदाही खोल्यांतून समुद्र दिसतो, असं तो सांगतो. बारा नंबरच्या खोलीतून दिसायला पलंगावर उभं राहावं लागतं.

पिवळी पाटी: विमानतळ नको! निळी पाटी: विमानतळ हवाच! दोन्ही पाट्या एकाच दुकानात छापल्या. हा वाद आणखी दहा वर्षं चालावा असं बेटावर फक्त त्या दुकानदाराला वाटतं.

मी आणि मान्बोक सैन्यातून एकाच आठवड्यात परतलो. दोघांच्या वडिलांनी आम्हाला एकाच दिवशी शेतात नेलं, आपापल्या घराण्याची थडगी दाखवली आणि म्हणाले, "पुढच्या वर्षापासून गवत तुम्ही कापा. आमचे गुडघे संपले."

आता सांगतो.

"रविवारी मी हा विमानतळ थांबवणार!" असं मी गावच्या दुकानासमोर उभा राहून जाहीर केलं. मी, म्हणजे बू सांग्हो, संत्र्यांचा शेतकरी आणि विमानतळविरोधी समितीचा अध्यक्ष. दुकानासमोर दोन बाकडी आहेत. एकावर नकोवाले बसतात, दुसऱ्यावर हवावाले. तांदळाची दारू दोघं एकाच पिंपातली पितात.

"कसा थांबवणार?" समोरच्या बाकावरून मान्बोकने विचारलं. "आडवा पडणार का धावपट्टीवर?"

हसा लेको, म्हटलं मनात.

बेटाला एक विमानतळ आहे. दुसरा हवा की नको, यावर आम्ही इतकी वर्षं भांडतोय की सुरुवातीला भांडणारे अर्धे लोक आता थडग्यात आहेत आणि उरलेले ऐकू येत नाही म्हणून आणखी जोरात भांडतात! मान्बोक म्हणतो, पर्यटक वाढले, आकाशात विमानं मुंग्यांसारखी रांग लावून उभी असतात. मी म्हणतो, पर्यटक वाढले म्हणूनच विहिरीचं पाणी खारट झालं. तो एक आकडा फेकतो, मी दुसरा फेकतो. दोन्ही आकडे खरे असतात. म्हणून कुणी हरत नाही.

रविवारी गावसभा होती. गावाचा ठराव हो की नाही, ते हात वर करून ठरणार होतं. मोजणी करून बघितली होती. बरोबर निम्मे-निम्मे!

आकड्यांनी काम होणार नव्हतं. माझ्याकडे त्याहून भारी चीज होती. माझे पणजोबा!

मोजणीवाल्यांनी धावपट्टीसाठी ठोकलेली लाल फितीची खुंटी पणजोबांच्या थडग्यापासून दोन पावलांवर होती. वडिलांनी मला एवढंच बजावलं होतं, "काही कर, पण यांना हलवू देऊ नकोस." मी शब्द दिला होता. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडता येत नाही, कारण तो परत घ्यायलाच कुणी नसतं.

योजना अशी: सणाआधी सगळी घराणी थडग्यांवरचं गवत कापतात. शनिवारी आमचं अख्खं बू घराणं मुख्य भूमीवरून येईल, तीस माणसं रांगेत गवत कापतील, टीव्हीवाले ते दाखवतील, आणि रविवारी गाव विरघळेल.

शुक्रवारी संध्याकाळी चुलतभावाचा फोन आला.

"दादा, विमानाचं तिकीटच मिळत नाहीये! सगळी विमानं फुल्ल!"

"अरे, बोटीने ये!"

"सगळ्यांनी मिळून ठरवलंय. पुढच्या वर्षी नक्की येतो. तोवर तो दुसरा विमानतळ झाला तर बरं होईल बघ."

मी फोन ठेवला. आपटला म्हणा.

तीस माणसांचं घराणं एका माणसावर आलं. शनिवारी सकाळी टीव्हीच्या बातमीदार गिलबाई कॅमेरावाल्याला घेऊन हजर झाल्या आणि माझ्याकडे, मग माझ्या ग्रास कटरकडे बघून म्हणाल्या, "बस, एवढेच?"

"थांबा!" मी म्हणालो आणि धावत जाऊन ताईला घेऊन आलो. ती नुकतीच समुद्रातून वर आली होती. काळा रबरी पोशाख, डोक्यावर चष्मा, कमरेला जाळी. गिलबाईंचे डोळे चमकले. पाणबुडी बाई म्हणजे टीव्हीला पर्वणी!

"मी कशाला येऊ?" ताई म्हणाली. "आपल्यात बायका गवत कापायला जातात का कधी? जन्मात पाय ठेवला नाही मी तिथे."

"कापू नकोस. नुसती उभी राहा. आणि ताई, तोंड उघडू नकोस."

हे मी तिला सांगितलं. तिला!

मुळ्याच्या शेतात पोचलो. दोनशे पावलांवर मान्बोकही आपल्या पणजीच्या थडग्यावर गवत कापत होता. मला बघून त्याने यंत्राचा आवाज वाढवला. मीही वाढवला. चाळीस मिनिटं आम्ही दोघं यंत्रांनी भांडलो. माझं पेट्रोल आधी संपलं.

मग मी थडग्यासमोर उभा राहिलो. आवाज खाली आणला.

"अडतीस वर्षं," मी कॅमेऱ्याला म्हणालो, "अडतीस वर्षं मी माझ्या पणजोबांच्या डोक्यावरचं गवत कापतोय. दरवर्षी त्यांना कडक दारूचा पेला ओततोय. यांच्या छातीवरून विमान उडणार? आधी माझ्या..."

"सांग्हो," ताई म्हणाली, "पणजोबा बाई होते का रे?"

गिलबाईंनी कॅमेरावाल्याला खुणेने सांगितलं, चालू ठेव.

"ताई, गप्प बस!"

"फट उजवीकडे आहे."

"डावीकडे आहे! ही बघ! माझा डावा हात, ही फट!"

"तुझा डावा हात कोण विचारतंय? मढ्याचा डावा हात बघायचा असतो! माझ्या नवऱ्याच्या थडग्याची भिंत मी स्वतः उभं राहून बांधून घेतलीय. आत झोपलेल्याची डावी बाजू!"

आता माणसाने इथे थांबावं. पण मी निश्चयी माणूस आहे. मी भिंत ओलांडली, उंचवट्याशेजारी ताज्या कापलेल्या गवतात डोकं डोंगराकडे, पाय कॅमेऱ्याकडे असा उताणा झोपलो आणि ओरडलो, "हा बघा माझा डावा हात!"

डाव्या हाताला दगड लागले. गच्च, अखंड, एक बोटही जाणार नाही असे.

उजवा हात फटीतून थेट मुळ्याच्या शेतात गेला.

"मग?" ताईने वरून विचारलं. मी तोंडात गेलेलं गवत थुंकलो.

एवढ्यात मान्बोक धावत आला. मला झोपलेला बघून त्याला वाटलं मी गेलो. त्याच्या चेहऱ्यावर दुःख दिसलं, असं ताई म्हणते. मला तर उत्सुकता दिसली.

"काय झालं याला?"

"काही नाही," ताई म्हणाली. "अडतीस वर्षं बाईला पणजोबा म्हणतोय. तुझ्या पणजीची फट कुठे आहे रे, मान्बोक?"

"उजवीकडे! बाईची उजवीकडेच असते!"

"कुणाच्या उजवीकडे?"

मान्बोक वळला आणि आला त्याच्या दुप्पट वेगाने परत गेला. आम्ही सगळे भिंतीवर चढून बघत राहिलो. तो त्या थडग्यासमोर उभा राहिला, उलटा फिरला, हात पसरले, पुन्हा फिरला. वाहतूक पोलिसासारखा! मग मटकन खाली बसला.

त्याची पणजी इथे होती. माझे पणजोबा तिथे. आणि लाल फितीची खुंटी इथे होती.

तो परत आला तेव्हा हळूहळू चालत आला. उंचवट्याकडे बघितलं, खुंटीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तू तिला दारू पाजलीस?"

"पेला भरून. दरवर्षी. तू पणजोबांना काय दिलंस?"

"गोड भाताचे लाडू. बायकांना आवडतात म्हणून."

"लाडू? अडतीस वर्षं माझे पणजोबा कोरडे?"

तिथेच मारामारी झाली असती. पण ताई दोघांच्या मध्ये उभी होती आणि तिच्या हातात शिंपले उचकटायची सळई होती.

रविवार. गावसभा. मी भाषण लिहून नेलं होतं. पण भाषणाला आता बूड नव्हतं. माझे पणजोबा धावपट्टीच्या बाहेर, दोनशे पावलं सुखरूप! वडिलांना दिलेला शब्द आपोआप पाळला गेला होता. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

मी उठणार, तेवढ्यात मान्बोक उठला.

"अडतीस वर्षं!" तो गरजला. "माझ्या पणजीच्या छातीवरून विमान उडणार? आधी माझ्या..."

माझंच भाषण! शब्दन् शब्द! वर्षानुवर्षं समोरच्या बाकावर बसून पाठ केलेलं! आणि खरं सांगतो, त्याने माझ्याहून चांगलं म्हटलं. शेवटी तो रडला. माझ्या मसुद्यात रडणं नव्हतं.

मग सरपंच माझ्याकडे वळले. "सांग्हो, आता तुझं काय जातंय? तू हवावाल्यांत ये की. मान्बोकची जागा रिकामी झालीय."

सगळे हसले. मी उभा राहिलो. कागद खिशातच राहिला.

"संत्र्याची बाग वादळात गेली, ते मी आधी तिला जाऊन सांगितलं," मी म्हणालो. "बायको गेली तेव्हाही तिलाच. पणजोबा समजून सांगितलं, हे खरं. पण ऐकून तिनेच घेतलं ना? तिला मी हलवू देणार नाही."

कुणी हसलं नाही. फक्त मान्बोक म्हणाला, "माझी पणजी आहे ती."

"मग पुढच्या वर्षी गवत तू काप!"

"कापीन! पण तू ये. तिला सवय असेल तुझी."

हात वर झाले. विमानतळ नको: त्रेसष्ट. हवा: एकसष्ट. एकच मत फिरलं! ते एक मत कुणाचं, हे सांगायला नको. ठराव मंत्रालयाकडे गेला, आणि समितीने तिथल्या तिथे नवा अध्यक्ष निवडला. ह्यॉन मान्बोक. मी उपाध्यक्ष. मोर्चात तो पुढे चालतो, मी कर्णा धरतो.

सोमवारी बातम्यांत आम्हाला अकरा सेकंद मिळाले. पहिली दोन ताईच्या काळ्या पोशाखाची, उरलेली नऊ माझी, गवतात उताणा, दोन्ही हात पसरलेले. खाली अक्षरं आली: "धावपट्टीची रुंदी समजावून सांगताना विमानतळाचे एक समर्थक."

पणजोबांना आता दरवर्षी दोन पेले ओततो. थकबाकी आहे.

आमच्या वडिलांनी आम्हाला थडगी दाखवली, त्या दिवशी इतकं धुकं होतं की दोन पावलांवरचं थडगं दिसत नव्हतं आणि विमानतळ दिवसभर बंद होता.