पुष्पाबाईंचा आवाज आणि मक्यातली डुकरं

भिकनभाऊंना पावसाळ्यात नाल्याच्या पुराची भीती, उन्हाळ्यात विहीर आटण्याची आणि हिवाळ्यात रानडुकरांची. पुष्पाबाईंची मात्र बाराही महिने! संसाराला तीस वर्षं झाली, तरी बायको ओट्यावर उभी दिसली की भाऊ आधी आपले पाय तपासत.

पण यंदा त्यांनी पारोळ्याच्या बाजारात चारचौघांत सांगून टाकलं, "औंदा डुकरासनी एक कनीस जरी खादं ना, मिशी काढी टाकसू!"

कारण मक्यात त्यांनी भोंगा लावला होता. अंधारायला लागलं की आपोआप सुरू होणारा, वाघाची डरकाळी फोडणारा. डुकरं तीन दिवस बिचकली आणि चौथ्या दिवशी भोंग्याच्याच खांबाला अंग घासून मक्यात शिरली. तेव्हा मिशी वाचवायला भाऊंना सुचू नये ते सुचलं. खिशात मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करून ते सकाळी चिखलाच्या पायांनी मुद्दाम घरात शिरले.

"ओ, कोठे चालनात? मांगे फिरा पहिले! एकदाव सांगेल समजत नही का?"

पुष्पाबाईंचा हा आवाज भोंग्यावर चढला आणि त्या दिवसापासून एकही डुक्कर मक्याकडे फिरकलं नाही. शेजारच्या रुपचंदनं रेकॉर्डिंग मागून घेतलं, त्याच्याकडून ते शिवारभर गेलं. आठवडाभरात सूर्य मावळला की नाल्याच्या दोन्ही अंगांना पुष्पाबाई गरजू लागल्या. खुद्द पुष्पाबाई त्या वेळी गावात स्वयंपाकाला लागलेल्या असत. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं आणि ते कधी ठाऊक होऊ नये म्हणून भाऊ देवाला हात जोडत.

तेवढ्यात साक्रीकडून निरोप आला. भाऊंची मुलगी हेमांगी तिकडच्या मुलाला पसंत होती, तिलाही मुलगा पसंत होता. फक्त त्याची आई भागाबाई आणि वडील प्रेमराज नाना यांना एकदा घर-शेत बघायचं होतं. थंडीचे दिवस आहेत तर वावरातच भरीत करू, असं पुष्पाबाईंनी ठरवलं. भाऊंना एकच प्रश्न पडला. मुलीच्या आईचा असा आवाज चारी दिशांनी ऐकल्यावर सोयरीक कोण करील? त्यांनी आपल्या भोंग्याची वायर काढून टाकली. बाकीचे भोंगे बंद करायला सांगावं म्हणून रुपचंदला फोन लावला, तर तो जळगावला लग्नाला गेलेला. जेवण दुपारचंच आहे, असा त्यांनी स्वतःला धीर दिला.

पाहुणे आले साडेचारला! मग कुठे वांगी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर गेली. पुष्पाबाई पाहुण्यांना पुऱ्यांचा आग्रह करत होत्या आणि भाऊ सूर्याकडे बघत होते. त्यांनी पाहुण्यांना परतीच्या लांबच्या रस्त्याची तीनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा पुष्पाबाईंनी डोळे वटारले. सूर्य गेला.

आधी रुपचंदच्या वावरातून आवाज आला, मग नाल्यापलीकडून, मग सगळीकडून. सहा पुष्पाबाई एकदम ओरडत होत्या आणि सातव्या, खऱ्या पुष्पाबाई हातात पुरी धरून ऐकत होत्या.

कोणाचा घास पुढे जाईना. भाऊंनी सगळं कबूल केलं. पुष्पाबाईंनी हातातली पुरी सावकाश ताटात ठेवली, तसे भाऊ आणखीच घाबरले. भागाबाईंनी शांतपणे विचारलं, "मंग डुकरं खरंच येतस नही?"

"एक बी नही," भाऊ म्हणाले.

"पोरना आवाज बी असाच शे का?"

लग्न वाचवायची हीच शेवटची संधी, असं भाऊंना वाटलं. "नही वो अक्का! पोर मनी गाय शे. ती कोनले एक शबद बोलत नही."

भागाबाईंचा चेहरा पडला. "मंग कसं व्हयी? आमनं सगळं वावर डोंगरले लागेल शे, डुकरं रोज येतस. मनाकन आते वरडनं व्हत नही."

आपण आपल्याच हातांनी मुलीचं लग्न मोडलं, हे भाऊंच्या लक्षात आलं आणि ते सारवासारव करायला उठले. तेवढ्यात चुलीपाशी पुऱ्या तळणारी हेमांगी झारा घेऊन उठली.

"आबा! खोटं कसाले बोलतस? तठेच बसा, आनि आते एक शबद काढू नका!"

शेजारच्या तुरीतून काहीतरी जोरात पळालं. भागाबाईंनी हसत पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला.

प्रेमराज नाना मात्र खाटेवरून हळूच सरकत भाऊंपाशी आले. त्यांनी भाऊंचा हात धरला. हात दोघांचेही गार पडले होते.

"भाऊ, मना पोऱ्या जरा घाबरट शे," नाना पुटपुटले.

"व्हई जास सवय," भाऊ म्हणाले. त्या संध्याकाळचं हे त्यांचं दुसरं खोटं होतं.