एकेचाळिसाव्या घड्याळाची हकिकत

वाचणारांचे कुतूहल अखंड राहो. माहितीपट नामक मोहीम कैसी चालते, हे ज्यांनी ती पडद्यावर पाहिली त्यांस ठाऊक नाही, ज्यांच्या दुकानी ती घडली त्यांस पक्के ठाऊक. सबब मजकूर जैसा घडला तैसा लिहिला असे.

घड्याळदुरुस्तीवाले काका गल्लीच्या टोकास दुकान राखून होते. त्यांच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, लंबकाचे घड्याळ यजमान निवर्तल्यापासून बंद होते, ते काकांनी दुरुस्त करून भिंतीवर परीक्षेस लाविले. काकांचा कायदा ऐसा की घड्याळ आठ दिवस अखंड चालल्याखेरीज दुकानाबाहेर जाऊ द्यावयाचे नाही, आणि मध्ये थांबले तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आज सातवा दिवस, आणि उद्या अक्का परगावी लेकीकडे कायमच्या राहावयास निघणार.

ऐसे समयी दिग्दर्शकसाहेब, छायाचित्रकार व ध्वनिमुद्रक ऐसे तिघे खासे, दिवे, तारांची भेंडोळी व 'ही कला लोप पावली' हा घरूनच लिहून आणिलेला निष्कर्ष घेऊन डेरेदाखल जाहले. आणि फर्मान निघाले की काकांनी आपल्याच दुकानी सहज चालत यावे, मग ते सहज येणे पाच वेळा करविले, आणि मग खिडकीतून दूरवर पाहावे, जेथे कचऱ्याच्या डब्याखेरीज पाहावयास काही नव्हते. मग हातांची जवळून छबी, मग भिंगाची, मग पुन्हा हातांची. चार गिऱ्हाइके आली त्यांस बाहेरच थोपविले, कारण हुजुरांस ओसाड दुकान हवे होते. मग ध्वनिमुद्रकांचा हुकूम जाहला की टिकटिकीने आवाज खराब होतो, सबब घड्याळे बंद करावी. घड्याळजीच्या दुकानी टिकटिक नको, ही अक्कल कोणत्या शाळेत मिळते न कळे, परंतु काकांनी भिडेस्तव चाळीस थांबविली.

एकेचाळिसावे, अक्कांचे, चालते राहिले. ते पाहून साहेबांस नवी मसलत सुचली की लंबक हाताने धरून थांबवावा, त्याची छबी घ्यावी, वरून रडके व्हायोलिन घालावे, आणि शेवट फत्ते.

"हात लावू नका," काका म्हणाले. "सात दिवस झालेत त्याला. बहिणीचं आहे."

"काका, पण शेवट तर हवा ना? मग वडिलांबद्दल बोला. डोळ्यांत पाणी आलं की घड्याळाला हात लावत नाही. शब्द देतो."

येणेप्रमाणे तह ठरला.

साहेबांचे ठेवणीतले हत्यार म्हणजे मौन. प्रश्न पुसावा, उत्तर आटोपले तरी ब्र काढू नये, म्हणजे समोरचा अवघडून नको ते बोलतो आणि रडतो, ऐसी या लोकांची विद्या. साहेबांनी पुसले, "वडील शेवटचं काय बोलले?"

"किल्ली उलटी फिरवू नकोस, म्हणाले."

आणि मौन पडले. परंतु ज्याचा जन्म कान देण्यात गेला त्यावर हे हत्यार चालविणे, ऐसी चूक या मंडळींनीच करावी. काकांनी कान लंबकाकडे लाविला, आणि दोहींकडचे ठोके सारखे पडतात की नाही हे सुखाने ऐकत बसले, कारण इतकी शांतता त्या दुकानी तीस वर्षांत मिळाली नव्हती. पाच मिनिटे गेली, आणि मग आठ गेली, आणि साहेबांनी चार वेळा चश्मा पुसला. अकराव्या मिनिटास साहेबच फुटले.

"माझे बाबा गेले तेव्हा मी शूटिंगला होतो," म्हणाले, आणि ढसाढसा रडले. छायाचित्रकाराने सवयीने कॅमेरा तिकडे वळविला.

काकांस वाईट वाटले, खोटे का लिहावे. त्यांनी भिंग पुसावयाचा रुमाल पुढे केला.

"पाणी आलं," काका म्हणाले. "आता हात लावायचा नाही."

दुसरे दिवशी आठ दिवस भरले, आणि काकांनी आपल्या हाते लंबक काढून, घड्याळ कापडात गुंडाळून अक्कांचे हवाली केले. माहितीपट यथावकाश प्रसिद्ध जाहला. त्यात ओसाड दुकान होते, व्हायोलिन होते, कोठूनशी आणून चिकटविलेली टिकटिक होती. साहेबांचे रडणे मात्र नव्हते. अवघ्या मोहिमेत खरे म्हणावे ऐसे तेवढेच घडले, आणि तेवढेच कापले.

ते पाहून अक्कांचा फोन आला, तेव्हा दुकानी सहा गिऱ्हाइके उभी होती.

"अरे, तुझा धंदा बुडाला म्हणे! आणि ती टिकटिक कुणाची लावलीय? आपली नव्हे ती. ही ऐक."

आणि अक्कांनी फोन भिंतीवरच्या घड्याळास लाविला. काकांनी गिऱ्हाइकांस हाताने गप्प केले आणि डोळे मिटून ऐकिले. ठोके दोहींकडे सारखे पडत होते. सबब फत्ते काकांची जाहली, ऐसे येथे दर्ज केले असे.