कॅमेऱ्यांच्या पंगतीतला प्रिंटर

बेंगळुरूत खरे गुप्तहेर दोनच, असं त्रिविक्रमरावांचं ठाम मत होतं. एक पोलिसांत असावा, त्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. दुसरे ते स्वतः. पगार मात्र त्यांना बोम्मसंद्र्यातल्या पंपांच्या कारखान्यात नेटवर्क सांभाळण्याचा मिळे. त्यांची मदतनीस सुप्रीता सहा महिने हे निमूट ऐकत आली होती. नोकरीत कायम व्हायचं होतं तिला.

तो कायमपणाचा कागद आज मॅनेजर गुरुराज यांच्या हातात होता, आणि पूजेची सुटी संपवून कारखाना उघडतो तो गोदामातला लेबलं छापणारा प्रिंटर नेटवर्कवरून गायब! ट्रक गेटवर खोळंबलेला. नेटवर्कच्या वायरी जिथं जोडतात त्या स्विचची मांडणी गेल्याच आठवड्यात सुप्रीतानं केलेली.

"गेटचा कॅमेराही बंद," त्रिविक्रमराव भिंग काढत म्हणाले. "आधी साक्षीदार आंधळा केला, मग प्रिंटर पळवला."

"प्रिंटर समोरच आहे, सर."

"देह आहे. आत्मा नाही."

मग ते भिंतीवरच्या स्विचकडे वळले आणि किंचाळले, "रक्त!"

"कुंकू आहे, सर. खंडेनवमीच्या आयुधपूजेचं."

सुप्रीतानं लॅपटॉप उघडला. स्विचचा डबा एकच, पण त्याच्या चोवीस पोर्टांचे, म्हणजे वायरी खोचायच्या खाचांचे, तिनं गट पाडून त्यांना आकडे दिले होते: ऑफिस दहा, गोदाम वीस, कॅमेरे तीस. एका गटाचं बोलणं दुसऱ्याच्या कानी जात नाही. मुख्य स्विचकडे मात्र सगळ्यांची मिळून एकच वायर जाते, म्हणून निघताना प्रत्येक निरोपावर गटाच्या आकड्याचा टॅग लागतो आणि पलीकडचा स्विच तो बघून ज्याचं त्याला पोचवतो. प्रिंटरचा सात नंबरचा पोर्ट गट वीसमध्येच होता. सगळं बरोबर दिसत होतं, आणि त्यानंच तिला रडू येत होतं.

"टॅग वाटेत चोरला," त्रिविक्रमराव म्हणाले.

"वाट चाळीस फुटांची आहे."

"म्हणजे चोर चपळ आहे. चहावाला गुंडो! सकाळपासून दोनदा हसला."

इतक्यात झाडूवाली महानंदा आली. "काय हुडकायलाय सायेब? वायरी व्हय? मीच लावलो की त्या. डबा पुसाय काढलो, परत रंग बघून लावलो. निळ्या वर, पिवळ्या खाली. किती छान दिसतंय!"

सुप्रीता वाकली. प्रिंटरची पिवळी वायर एकोणिसात होती, कॅमेऱ्याची निळी सातात. गट यंत्राचा नसतो, वायरीचाही नसतो, पोर्टाचा असतो. प्रिंटर बिचारा सुटीभर कॅमेऱ्यांच्या पंगतीत बसून होता. बाकीच्या वायरी नशिबानं आपापल्या गटातच पडल्या होत्या. तिनं दोन वायरींची अदलाबदल केली आणि प्रिंटर कुरकुरत लेबलं ओकू लागला.

गुरुराज आले. "सरी, ठीक आहे, ट्रक निघतोय. आता सांगा, चूक कोणाची? स्विच तुझाच ना, सुप्रीता?"

महानंदाचा चेहरा उतरला. एक नाव घेतलं की सुप्रीता सुटणार होती, पण तिच्या तोंडून ते निघेना.

"अक्का, वायरी काढायला कोणी सांगितलं होतं?" तिनं हळूच विचारलं.

महानंदानं नुसतं त्रिविक्रमरावांकडे बघितलं. त्यांनी भिंग पुसलं. मग पुन्हा पुसलं.

"मी," ते म्हणाले. "पूजेला स्विच आरशासारखा हवा होता मला. पोरीचा दोष नाही."

गुरुराजनी तिथंच प्रिंटरवर सुप्रीताचा कायमपणाचा कागद टेकवून सही केली. त्रिविक्रमरावांच्या कारकिर्दीत बरोबर निघालेला हा पहिलाच निष्कर्ष होता.