फुगलेली पिशवी

मंगळवारी सकाळी मी आमच्या घरातली इन्स्टंट कॉफीची बरणी शेजारच्या काकूंना देऊन टाकली. कारण साधं होतं. बरणीवर किंमत होती, वजन होतं, पुढच्या दोन वर्षांची मुदत होती. पण कॉफी भाजली कधी, हे कुठेच नव्हतं. ज्या वस्तूला जन्मतारीख सांगायची लाज वाटते ती आपण रोज पोटात का घ्यावी? (हे वाक्य मी काकूंनाही ऐकवलं. त्या म्हणाल्या, "वय तर मीही सांगत नाही. ठेव बरणी तिथे.")

माझी बायको शाळेत शिकवते. सातला पहिला तास, समोर साठ मुलं. सहा वाजताचा एक कप कॉफी हा तिचा आधार आणि त्या साठ मुलांचं संरक्षण. बुधवारी ती फडताळासमोर उभी राहिली.

"बरणी कुठे आहे?"

"त्या भुकटीला निरोप दिला. यापुढे ताज्या भाजलेल्या बिया. घरी दळायच्या, घरी गाळायच्या."

"आहेत?"

"आत्ता तत्त्व आहे."

गृहपाठ घरी विसरलेल्या मुलाकडे पाहावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. "रविवारी सकाळी माझ्या हातात कप हवा. नाही आला तर बरणी परत, आणि स्वयंपाकघरातलं तुझं मत रद्द. कायमचं."

मी कामाला लागलो. हाताने फिरवायचा ग्राइंडर लगेच मिळाला. बिया मिळेनात. पहिल्या दुकानदाराला विचारलं, "भाजल्या कधी?" तो म्हणाला, "आम्ही विकतो हो, भाजत नाही." दुसऱ्याने पाकिटावरची धूळ फुंकली आणि "एकदम ताजा माल" म्हणाला. तिसऱ्याने मला चहा प्या असं सुचवलं. इकडे बायको रोज सकाळी नुसतं गरम पाणी पिऊन शाळेत जात होती आणि जाताना दार जरा जोरात लावत होती.

शुक्रवारी संध्याकाळी टायरच्या दुकानामागच्या गल्लीत मला वासच आला. आत एक म्हातारे गृहस्थ लोखंडी पिंपात कॉफी भाजत होते. बिया तडतडत होत्या. त्यांनी त्या पसरून वारा दिला, पिशवीत भरल्या आणि वर आजच्या तारखेचा शिक्का मारला. माझे डोळे भरून आले. (धूरही होता.)

"चार-पाच दिवस ठेवा, मग करा," ते म्हणाले.

"आजोबा, ताजी मिळावी म्हणून चपला झिजवल्या, आणि आता शिळी करून पिऊ?"

"पाच दिवसांनी शिळी होत नाही, मुरते. पिशवीला..."

ते पुढे काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. मी स्कूटर सुरू केली होती.

घरी आल्यावर लक्षात आलं की पिशवीच्या पुढच्या बाजूला चक्क भोक आहे. बटणाएवढं, गोल. नाक लावलं तर त्यातून सगळा सुगंध बाहेर! म्हणजे माल ताजा, पण पिशवी फाटकी. ग्राहकाला गृहीत धरण्याची ही जुनी वृत्ती! मी चिकटपट्टीचे तीन थर लावून भोक पक्कं बंद केलं आणि समाधानाने झोपलो.

शनिवारी सकाळी बायकोने हाक मारली. "अरे, ही पिशवी वाढलीय."

पिशवी उशीसारखी टम्म फुगली होती. मी बोट लावलं तर ढोलकीसारखी वाजली.

"नासली," मी म्हणालो. "एका रात्रीत नासली!"

"उघडून बघ ना."

"पुरावा आहे तो. हात लावू नकोस."

मी दीड पानी तक्रार लिहिली. शाळा सुटल्यावर बायकोला मागे बसवलं, पिशवी तिच्या मांडीवर दिली आणि निघालो. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती, म्हणजे सभा भरलेलीच होती. मी ग्राहकाच्या हक्कांपासून सुरुवात केली, निकृष्ट वेष्टनावर आलो आणि "हे आम्ही खपवून घेणार नाही" इथवर पोचलो. आजोबा शांतपणे नखाने चिकटपट्टीचा एकेक थर सोलत होते. तिसरा निघाला. त्यांनी पिशवी हलकेच दाबली.

फुस्स्स.

पिशवी बसली. मीही बसलो, तिथल्याच पोत्यावर.

"ताज्या भाजलेल्या बियांमधून काही दिवस वायू निघत राहतो," आजोबा म्हणाले. "त्याला वाट म्हणून ही झडप असते. आतली हवा बाहेर जाते. बाहेरचं मात्र काही आत शिरत नाही."

बायको म्हणाली, "आमच्या घरीही असंच एक आहे."

पोत्यावरचा मी सोडून सगळं दुकान हसलं. आजोबांनी डोळे पुसले, सोमवारी भाजलेल्या बिया दळल्या आणि पहिला कप तिच्यासमोर ठेवला. "घ्या, ताई. तुम्हाला गरज दिसते." तिने एक घोट घेतला, डोळे मिटले. चार दिवसांनी तिचे खांदे खाली आले. कप रिकामा झाल्यावर तिने मला बुधवारपर्यंत मुदत वाढवून दिली.

बुधवारी सहाला मी बिया दळल्या, गाळल्या, कप तिच्या हातात दिला. तिने शेवटच्या थेंबापर्यंत कॉफी प्यायली आणि कप पुन्हा पुढे केला. बरणी काकूंकडेच राहिली. स्वयंपाकघरातलं माझं मत वाचलं.

वापरायला मात्र मिळत नाही. हल्ली मी कुठल्याही विषयावर तोंड उघडलं की ती चिकटपट्टीचं रीळ आणून टेबलावर ठेवते. लावत नाही. "लावली तर फुगशील," म्हणते.