तीन वर्षांची शिक्षा

संसार सांभाळून कायदा शिकता येत नाही, असं म्हणणाऱ्या लोकांची मला कीव येते. म्हणजे, येत असे. सकाळी डलहौसी चौकातली सरकारी नोकरी, संध्याकाळी कॉलेज स्ट्रीटवर कायद्याचे वर्ग आणि उरलेल्या वेळात बालीगंजच्या दोन खोल्यांत बायको, चार वर्षांची लीना आणि पाळण्यातला प्रमोद, एवढा सगळा कारभार मी दोन वर्षं बिनबोभाट चालवून दाखवला होता. आता शेवटचं वर्ष, शेवटची परीक्षा, की श्यामकांत देवस्थळी वकील!

बंगालात पोरांना मराठ्यांची भीती घालून निजवतात. आमच्या घरी प्रत्यक्ष मराठाच पाळण्याची दोरी ओढत करारकायद्याची कलमं म्हणायचा. प्रमोदला अंगाई चालत नसे. 'प्रस्ताव आणि स्वीकृती' सुरू केलं की स्वारी पेंगायला लागायची. 'मोबदला' येईपर्यंत मीही पेंगलेला असायचो, ती गोष्ट वेगळी.

वाईट एकाच गोष्टीचं वाटे. लीना जागी असताना मी तिला फक्त रविवारी दिसायचो. बाकीचे दिवस मी घरी पोचेपर्यंत ती झोपलेली. "ही परीक्षा पास झालो की रोज संध्याकाळी तुला लेकच्या तळ्यावर फिरायला नेणार," असा शब्द मी तिला दिला होता. मुलं एरवी काहीही विसरतात, पण शब्द विसरत नाहीत. रोज सकाळी बूट घालताना ती विचारायची, "आज पास झालास, बाबा?"

आता हे शिक्षण आम्ही माझ्या सासुरवाडीपासून लपवून ठेवलं होतं, त्याचं कारण माझे सासरे. अण्णा निवृत्त फौजदार. त्यांच्या मते जगात वाईट माणसं दोन प्रकारची, एक चोर आणि दुसरे त्यांना सोडवणारे वकील. त्यातल्या चोरांबद्दल त्यांना थोडी तरी आपुलकी होती. तेव्हा पास झाल्यावरच काय ते सांगायचं, असं मी आणि नलिनीनं ठरवलं होतं. परीक्षा जवळ आली म्हणून पोरं सांभाळायला सासूबाईंना सांगलीहून बोलावलं, पण त्यांच्याही कानावर घातलं नाही. सासूबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. "यांना ऑफिसात जादा काम असतं," एवढंच नलिनीनं त्यांना सांगितलं.

सासूबाईंचा वेळ कसा जाणार ही काळजी होती, ती घरमालकिणीनं मिटवली. तिला सगळी गल्ली माशीमा, म्हणजे मावशी, म्हणते. दुपारी दोघी गच्चीवर मटार सोलत बसायच्या. ही मराठीत बोलायची, ती बंगालीत.

"समजतं का तुम्हाला?" मी विचारलं.

"निम्मं समजतं."

"उरलेलं निम्मंही समजेल. सोपं आहे हो, आई. बंगाली म्हणजे आपलंच संस्कृत. 'अ'चा 'ओ' करायचा आणि 'क्ष'चा 'क्ख'. आपली लक्ष्मी ती यांची लोक्खी. झालं बंगाली."

एका वाक्यात मी त्यांना भाषा शिकवली. आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवर माशीमा त्यांना माझ्याबद्दल म्हणाली, "तोमार जामाइयेर तीन बोछोरेर शिक्खा, दिदी. दुइ बोछोर होये गेछे, आर एक बोछोर. बोडो कोठिन शिक्खा."

बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण. आपण जिला शिक्षा म्हणतो तिला ते शास्ती म्हणतात. हे मी सांगायला हवं होतं. पण माणूस सासूला पहिल्याच दिवशी किती शब्द सांगणार?

सासूबाईंनी 'क्ख'चा 'क्ष' केला, 'ओ'चा 'अ' केला आणि त्या मटार सोलायच्या थांबल्या. जावयाला तीन वर्षांची शिक्षा! तीही कठीण! त्यांनी खाली येऊन लीनाला जवळ घेतलं. आमची लीना मराठी बोलते ती बंगालीत शिजवलेली.

"बाबा रोज संध्याकाळी कुठं जातात गं?"

"शिक्षा घ्यायला," लीना म्हणाली.

"आणि नाही गेले तर?"

"हजेरी कमी पडली तर आणखी एक वर्ष शिक्षा."

खलास! कायद्यात लहान मुलाची साक्ष जपून घ्यावी असं सांगितलेलं आहे आणि ऐकीव पुरावा तर मुळीच घेऊ नये असं आहे. सासूबाईंनी दोन्ही घेतलं. आरोपीला मात्र एका शब्दानं विचारलं नाही. हे मला आजही सहन होत नाही.

त्या दिवसापासून माझ्या ताटात तुपाची धार वाढली. मला वाटलं, चांगला जावई मिळाल्याचा आनंद उशिरा का होईना झाला. जेवताना त्या मऊ आवाजात विचारायच्या, "संध्याकाळी तिथं खायला काय देतात हो?"

"चहा आणि शिंगाडा," मी म्हणालो. त्या ऑफिसातलं विचारताहेत असं समजून मी कॉलेजातलं सांगत होतो. शिंगाडा म्हणजे समोसा. "तोही आपल्याच पैशानं."

"आपल्याच?" त्यांचे डोळे पाणावले. "फार कडक आहेत का तिथली माणसं?"

"एक जण आहे. उशीर झाला की दारातच उभं करतो."

"मारत नाही ना?"

मला हसू आलं. "या वयात कोण मारणार?" त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि आणखी एक पोळी वाढली. मी ती खाल्ली. निष्पाप माणसाची भूक चांगली असते.

माझी पुस्तकं मी तांदळाच्या डब्यात लपवली होती. एके दुपारी भात टाकायला गेल्या तर त्यांच्या हातात आलं पीनल कोड. इंग्रजी त्यांना येत नाही, पण हे पुस्तक त्यांनी तीस वर्षं नवऱ्याच्या टेबलावर पुसलेलं. जावई आपलं कलम वाचत बसतो आणि लाजेनं तांदळात लपवतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्याच संध्याकाळी माझ्या लग्नातली चांदीची वाटी माझ्या ताटावरून नाहीशी झाली आणि तिच्या जागी पितळेची आली.

रविवारी महाराष्ट्र मंडळाचे चिटणीस दिगंबरपंत आले. सासूबाई आदल्या दिवशी मंडळात हळदीकुंकवाला गेल्या होत्या. दिगंबरपंत खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "श्यामकांतराव, यंदा गणपतीची खजिनदारी तुमच्याकडे नको, असं सगळ्यांचं मत पडलं. तुम्हाला सध्या त्रास आहेच."

मला गहिवरून आलं. परीक्षेचं यांना कसं कळलं कोण जाणे, पण परमुलखात आपलीच माणसं माणसाला ओळखतात. "फार उपकार झाले," मी म्हणालो. "एकदा सुटलो, की पुढच्या वर्षी घेतो."

"सुटल्यावर बघू," असं म्हणून दिगंबरपंत चहा न घेता उठले. जाताना छत्री आपलीच आहे ना, ते त्यांनी दोनदा पाहिलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी रजा घेतली होती. नलिनी पोरांना घेऊन माशीमाकडे बसली होती, घर शांत होतं, दुसऱ्या दिवशी फौजदारी कायद्याचा पेपर होता आणि मी पुस्तक उघडलं होतं. एवढ्यात दारात अण्णा! सांगलीहून, सासूबाईंची तार मिळाल्याबरोबर निघालेले, हातात वळकटी, मिशा ताठ. मी पुस्तक उशीखाली सारलं आणि वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वाद दिला नाही. खुर्ची ओढून ते माझ्यासमोर बसले. नोकरीत असताना बसत असतील तसेच.

"मला सगळं कळलंय," ते म्हणाले. "खोटं बोलू नका. किती वर्षांचं आहे?"

आमचं बिंग फुटलं असं मला वाटलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तीन," मी म्हणालो.

"किती झाली?"

"दोन पुरी झाली. तिसरं संपत आलंय."

"आणि नोकरी?"

"ती चालूच आहे. दिवसा नोकरी, संध्याकाळी तिकडे. कलकत्त्यात तशी सोय आहे."

"असली सोय आमच्या वेळी नव्हती," अण्णा दात आवळून म्हणाले. "एकटेच आहात की आणखी कोणी?"

"शंभरावर आहोत."

"शंभर! टोळीच म्हणा की. कुणाच्या नादाला लागलात?"

"नादाला कसलं? ऑफिसातल्या साहेबांनीच सुचवलं. त्यांनी स्वतः तेच करून बढती मिळवली."

अण्णांनी कपाळाला हात लावला. "नलूला माहीत होतं?"

"माहीत काय, तिचाच आग्रह होता. मी मध्ये एकदा सोडून देणार होतो, तिनं सोडू दिलं नाही."

स्वयंपाकघराच्या दारामागून सासूबाईंचा हुंदका ऐकू आला. अण्णा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मुलीला आणि नातवंडांना मी उद्याच्या गाडीनं सांगलीला घेऊन जातो."

मग मात्र माझंही डोकं फिरलं. "का म्हणून? दोन वर्षं मी पोरीचं तोंड रविवारशिवाय बघितलेलं नाही. आता सुटायच्या वेळी तुम्ही तिला नेणार? उद्या पहिला पेपर आहे माझा!"

"कसला पेपर?"

"फौजदारीचा."

"म्हणजे खटला अजून चालूच आहे?"

"कसला खटला? परीक्षा, अण्णा, परीक्षा! वकिलीची!"

सासूबाई पदर तोंडावर तसाच धरून दारात आल्या. गच्चीवरचा मटार, लीनाची साक्ष, तांदळाचा डबा, सगळं तेव्हा बाहेर आलं. मला वाटलं, आता हे दोघे हसतील, माझी माफी मागतील, अण्णा पाठीवर थाप मारतील.

अण्णा मटकन खाली बसले. "वकील," ते म्हणाले. "कैदी परवडला. तो कधीतरी सुटतो. वकील जन्मभर वकीलच."

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? माझ्या संतापाचं कारण शिक्षा हा शब्द नाही. शब्द कुणालाही चकवतो. पण सासूबाईंना, अण्णांना, मंडळातल्या एकूण एक माणसाला ती बातमी ऐकून 'छे, तो तसा नाही' असं एकदाही वाटू नये? सहा वर्षांत मी कुणाची टाचणी उचललेली नाही! नलिनी वर आली, तिनं सगळं ऐकलं, पोट धरून हसली. तिला म्हटलं, "तुला आईनं सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?" ती विचार करायला लागली. बायकोनं अशा प्रश्नावर विचार करायचा नसतो. शेवटी म्हणाली, "मी आधी तुम्हाला विचारलं असतं हो." यावर समाधान मानायचं की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तरीही तो दिवस वाचला असता. पण चहा झाल्यावर अण्णांचा राग उतरला आणि राग परवडला असं झालं. "फौजदारीचा पेपर ना?" ते म्हणाले. "मिटा ते पुस्तक. पुस्तकात काय आहे? फौजदारी मला विचारा." मग संध्याकाळभर ते मला शिकवत होते. आरोपी म्हणतो मी तिथं नव्हतो, म्हणजे तो तिथंच होता. संशयाचा फायदा हा वकिलांनी काढलेला धंदा आहे. स्वसंरक्षण म्हणणारा म्हणजेच ज्यानं आधी मारलं तो. आमच्या जावयानं नाव काढलं पाहिजे, असंही दोन-तीनदा म्हणाले. एवढ्या प्रेमानं त्यांनी मला कधीच काही दिलं नव्हतं. थांबा कसं म्हणणार?

दुसऱ्या दिवशी प्रश्नपत्रिकेत सहा आरोपी होते. कुणी झोपेत काठी मारली होती, कुणी स्वतःची समजून दुसऱ्याची छत्री नेली होती. डोक्यात अण्णांचाच आवाज होता. मी एकालाही सोडलं नाही. झोपेत मारणाऱ्याला तर जास्तच ठोकलं, जागेपणी काय करील सांगता येत नाही म्हणून.

निकाल लागला. बाकीच्या सगळ्या विषयांत पास, फौजदारीत नापास. नियमाप्रमाणे वर्ग पुन्हा, हजेरी पुन्हा. सांगलीला कळवलं, तर अण्णांचं उत्तर आलं की तपासणारा नक्की वकील असणार.

माशीमा हळहळत जिना चढून आली आणि नलिनीचा हात धरून बसली. मी कोपऱ्यात बूट काढत होतो. लीना माझ्याकडे बघत उभी होती. मी तिला लेकचा शब्द दिलेला होता आणि आता काय सांगावं ते सुचत नव्हतं. तिनं स्वतःच माझ्या मांडीवर बसून माशीमाला समजावलं, "बाबांची शिक्षा एक वर्ष वाढली."

मराठीत म्हणाली की बंगालीत, ते मी विचारलं नाही.