दाजींचे बिघडलेले पराठे

पराठा लाटण्याआधी दारात येऊन वारा बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या कुंपणापलीकडचे दाजी. चाळीस वर्षं मालवणच्या समुद्रात मासे धरले, त्यामुळे वारा बघितल्याशिवाय कुठलंच काम सुरू करायचं नाही हे अंगात मुरलंय. स्वयंपाकघरात वारा कुठून येणार, असं विचारलं तर म्हणतात, "बघूक काय जाता तुजा?"

गुडघ्यांनी दगा दिला आणि दाजी कायमचे किनाऱ्यावर आले. त्यांची बायको, आमच्या काकी, होत्या तोवर चुलीजवळ फिरकायची त्यांना परवानगी नव्हती. दोन वर्षांपूर्वी काकी गेल्या. त्यानंतर कधीतरी जेटीजवळच्या हॉटेलात त्यांनी पदर सुटलेला पराठा बनताना पाहिला. आचारी मैद्याचा उंडा तेलात लोळवून हवेत भिरकावत होता, आणि ओट्यावर पडेपर्यंत तो पातळ पसरत होता. दाजींनी तिथेच जाहीर केलं, "ह्यो तर पाग!" पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. झालं! पाग फेकणाऱ्याला पराठा कठीण तो काय?

कठीण होता. पहिला उंडा कॅलेंडरवर बसला, दुसरा मांजरावर. पण दाजी हटले नाहीत. दर रविवारी आणि बुधवारी सहा पराठे. भाजलेला पराठा दोन्ही तळहातांत धरून टाळी वाजवायची, म्हणजे पदर मोकळे होतात. ती टाळी आम्हाला ऐकू यायची आणि पाठोपाठ ठरलेली आरोळी, "पदर खंय गेले रे?" पाच मिनिटांत दाजी ताट घेऊन आमच्या दारात हजर.

"बिघडले गो बाय. टाकूचे कशे? तुमीच खावा."

मग स्वतःही आमच्यातच पानावर बसायचे. चूक कुठे झाली ते कळायला हवं ना! कोंबडीच्या सागोतीच्या रश्शात बुडवून ते चामडं मी, आमचे हे आणि सासूबाई वर्षभर चावत होतो. सासूबाईंनी तर कवळी मोडेल या भीतीने नुसता रस्सा प्यायला सुरुवात केली होती.

एका रविवारी माझाच धीर सुटला. "दाजीनु, पीठ मळून दोन तास तेलात ठेवा. तुमी लगेच झटापट करतास."

दाजींचा चेहरा उतरला. "व्हय?" एवढंच म्हणाले. बाईमाणसाने शिकवलं म्हणून राग आला असेल, असं मला वाटलं.

बुधवारी टाळी वाजली. आरोळी नाही, ताटही नाही. रविवारी तेच. पुढच्या बुधवारी मात्र मला राहवेना. कुंपणाच्या फटीतून डोकावले. दाजी पडवीत एकटेच बसले होते. पुढ्यात सहा पराठे, सोनेरी, पदर न् पदर सुटलेला. एकालाही हात लावलेला नव्हता.

एकट्या माणसाला सहा पराठे कशाला? आणि करायचे ते दर वेळी सहाच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पराठे सुधारले आणि आमच्याकडे यायचं निमित्तच संपलं. ते मीच संपवलं होतं. मला माझीच लाज वाटली.

वाटीभर सागोती घेऊन मी तडक पलीकडे गेले. "दाजीनु, आज सागोती बिघडली. काय चुकला ता सांगा."

सासूबाईंच्या हातचा मसाला, सागोती नेहमीसारखीच फक्कड झाली होती. दाजींनी बोट बुडवून चाखलं, डोळे मिटले, बराच वेळ जीभ फिरवली.

"बिघडली आसा," ते गंभीरपणे म्हणाले. "हयसर बसान कळाचा नाय. टोपाकडे जावन बघूक व्हया."

आणि पराठ्यांचं ताट उचलून, वारा न बघताच, माझ्यापुढे चालू लागले.

त्या दिवशी सासूबाईंनी कवळी घालून दोन पराठे खाल्ले. हात धुऊन निघताना दाजी पायरीवर थांबले.

"रविवारी परत बिघडतली मां गो?"

"बिघडतली," मी म्हटलं.